दिवसा सांगितलेले रान

आमचे गाव रिठदपासून कोसभरावर. त्या गावात माझ्या वडिलांच्या शब्दाला मान होता, तो धुऱ्यांमुळे. दोन शेतांमधल्या हद्दीला आमच्याकडे धुरा म्हणतात. नांगरणीच्या वेळी कुणीतरी आपला नांगराचा तास हातभर पुढे सरकवी आणि भांडण उभे राही. मग दोन्ही बाजूंचे लोक वडिलांना शेतावर नेत. वडील हद्दीवरून एकदा सावकाश चालत, एके ठिकाणी थांबत आणि पायाने माती दाबून म्हणत, ‘इथं.’ तेवढ्यावर वाद मिटे. त्यांनी खोटे सांगितल्याचे गावात कुणाच्याही ऐकिवात नव्हते.

याच माणसाने एक अख्खे रान रचले होते. ते रान कुठेही नव्हते.

ते कसे रचले गेले हे सांगण्यासाठी अंबाडीचे काम सांगावे लागेल. माघ संपता संपता अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, वाळून तयार होई. वर्षभराची दावी, कासरे आणि मोटेचे दोर त्यातून वळायचे असत. हे काम आमच्या दारातल्या निंबाखाली दुपारभर चाले. एकाने वाख पुरवायचा, दुसऱ्याने पीळ द्यायचा, तिसऱ्याने टोक धरून मागे मागे सरत जायचे. हात गुंतलेले आणि तोंड मोकळे, असे हे काम. पीळ वडील देत. वाख पुरवायला आमच्या धुऱ्यापलीकडचे शेजारी बसत. ते मुसलमान शेतकरी होते, वयाने वडिलांच्या बरोबरीचे. मी त्यांना चाचा म्हणे. त्यांना मूलबाळ नव्हते. एक बैलजोडी आणि एक गाय एवढा त्यांचा संसार, आणि घरात चाची. टोक धरण्याचे काम लहानपणी माझ्याकडे असे.

वडील मोठ्याने बोलणारे नव्हते. पीळ देता देता, काल पाहून आल्यासारखे, ते त्या रानाविषयी एखादे वाक्य बोलत. चाचा ‘हूं’ म्हणत. मग पुढचे वाक्य येई. दोर पुरा झाला की बोलणे थांबे.

रान पैनगंगेच्या पलीकडे होते. नदीपर्यंत आमचे वऱ्हाड, नदीपलीकडे निजामाची मोगलाई. गावातले जे थोडे लोक पलीकडे गेले होते, ते हिंगोलीच्या बाजारापर्यंत आणि तेही रस्त्याने. वडिलांचे रान रस्त्याने लागत नसे. नदी उतरून डाव्या हाताला वळायचे, दोन टेकड्यांमधून पुढे जायचे, की पळसांचा पट्टा लागे. या पळसांची सावली त्यांच्या स्वतःच्या बुंध्याशी पडत नसे, शेजारच्या झाडाखाली पडे. जनावर सावली शोधत पुढे जात राही आणि गुराखी त्याच्यामागे. रानात शिरण्याची वाट ती. त्यापुढे एक नाला होता. त्याचे पाणी सकाळी उगवतीकडे वाहे, दुपारनंतर मावळतीकडे. मध्ये ते क्षणभर थांबे, तेवढ्यात उतरून जायचे.

नाल्यावर उंच कडा होता. कड्यात मधवाले राहत. आग्या माश्यांच्या पोळ्यांशेजारी त्यांची घरे, म्हणून ते आवाज करीत नसत. त्यांचे सारे बोलणे हातांनी. भांडणही हातांनीच, पण एकमेकांना न लावता. कड्याखाली झाडवाले. त्यांच्यात मूल जन्मले की त्याच्या नावाने एक झाड नेमून देत. झाडाची फांदी तुटली तर त्या माणसाचा हात किंवा पाय अधू होई. झाड पडले की माणूस आपण होऊन उठे आणि रानाच्या कडेला जाऊन बसे. त्यानंतर त्याला कुणी हाक मारीत नसे. चाचांनी एकदा विचारले, त्या लोकांत पाटील असतो का. वडील म्हणाले, नसतो, म्हणून तर सुखी आहेत. पाटलांचा गडी जवळच बसला होता. तोही हसला.

धोके होते. एक वेल गुरांच्या गळ्यातल्या घाटीचा आवाज काढी आणि गुराखी त्या आवाजामागे जाऊन चुके. एक वारा असा होता की तो अंगाला लागला की तहान कळेनाशी होई, आणि माणूस पाण्याच्या कडेकडेने चालत जाऊन मरे. एक वाघ होता. तो जनावर मारीत नसे, वळून नेई. त्याचे स्वतःचे मोठे खिल्लार होते आणि तो ते राखत बसे. हे सगळे ओलांडले की रानाच्या मध्यावर गवताचे मैदान लागे. पवन्या गवत, भर वैशाखातही छातीएवढे आणि हिरवे.

आमच्या भागात दिवसा गोष्ट सांगत नाहीत. दिवसा गोष्ट सांगितली तर वाटेवरचा मामा वाट चुकतो, असे प्रत्येक मुलाला बजावलेले असते. गोष्टी दिवेलागणीनंतरच्या. त्या आई सांगे, आणि त्या खऱ्या नाहीत हे आम्हां मुलांनाही ठाऊक असे. दिवसा मोठी माणसे जे बोलत ते घडलेले असे, किंवा कामाचे. हा नियम कुणी शब्दांत मांडलेला नव्हता, पण त्यावाचून व्यवहार चालला नसता. एकदा रात्री जेवणानंतर मी वडिलांना रानाचे सांगा म्हणून हट्ट धरला. त्यांनी मला झिडकारले. रान रात्रीचे नसते, असे म्हणाले.

गावाने ते रान खरे मानले, ते यामुळे. वडिलांनी ते मोठ्या सचोटीने सांगितले, हेही एक कारण होते. मधवाल्यांचा कडा नाल्याच्या ज्या बाजूला पहिल्या वर्षी होता, त्याच बाजूला पुढेही राहिला. चाचा कधी कधी मुद्दाम उलटे विचारून पाहत. वडील त्यांना दुरुस्त करीत.

पुढे मी वाशीमला शिकायला गेलो. तिथे भूगोलाच्या तासाला भिंतीवर नकाशा लावीत. पैनगंगेच्या खाली निजामाचा मुलूख होता, त्यात गावे होती, वाटा होत्या. दोन टेकड्यांमधून डावीकडे काही नव्हते. मला धक्का बसला नाही. ते मला केव्हा कळले होते, सांगता येत नाही. मात्र त्यानंतर सुट्टीत घरी आलो की दोराचे टोक धरणे मी टाळू लागलो. निंबाखाली मोठी माणसे माना डोलावीत आणि माझे वडील त्यांना डोळ्यांदेखत फसवीत, असे मला दिसू लागले. मी आत जाऊन पुस्तक उघडून बसे.

पहिले महायुद्ध संपल्यानंतरच्या एका साली पावसाने पाठ फिरवली. ज्वारी वीतभर होऊन वाळली, त्यामुळे कडबा झालाच नाही. संक्रांतीपर्यंत जुनी गंजी संपली. लोकांनी घरांच्या छपरांवरचे गवत उपसून गुरांपुढे टाकले. त्यानंतर निंबाचा पाला. चैत्रात मी सुट्टीवर आलो तेव्हा चाचांची गाय आपण होऊन उठत नव्हती. तिला पोटाखाली आडवा बांबू घालून माणसे उभी करीत. एकदा उभी राहिली की दिवसभर बसत नसे.

त्या वर्षी अंबाडीही नव्हती. तरी दुपारी माणसे सवयीने निंबाखाली येत आणि रिकाम्या हातांनी बसत. अशा एका दुपारी चाचा उभे राहूनच बोलले.

‘भाऊ, जनावरं तुह्या रानात नेतो म्हन्तो.’

 वडील म्हणाले, लांब आहे.

‘लांब कायचं? नदीवरून दुसऱ्या दिवशी पोचते, तूच तं सांगतलं.’

‘वाघ हाय तिथं.’

‘तो मारत नाई. वळून नेते. नेऊ दे, चारा तं भेटन.’

माणसे हसली. ते हसणे चेष्टेचे नव्हते, सुटका दिसल्याचे होते. दोन घरच्यांनी तिथल्या तिथे आपली जनावरे चाचांबरोबर पाठवतो म्हणून सांगितले. वडिलांनी आपल्या पायांकडे पाहिले. इतक्या वर्षांत त्यांनी त्या निंबाखाली कुणापुढे मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती. ते एवढेच म्हणाले, पाहू.

घरी आईने ताट वाढले आणि समोर बसून राहिली. तिने त्यांना सांगून टाका म्हटले. मुकी जनावरे आहेत, वाटेत मरतील, तळतळाट लागेल, असे ती म्हणाली. वडील जेवत राहिले. मी म्हणालो, ‘तुमी सांगत नसान तं मी सांगतो.’

ते म्हणाले, ‘तू कायले सांगशीन? रान माह्यं हाय.’

 ते उद्या सांगतील असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी ते पहाटेच शेतावर गेले. शेतात करण्यासारखे काही नव्हते. तिसऱ्या दिवशीही गेले. मी घराबाहेर पडेनासा झालो. पारावर कुणी मला रानाविषयी विचारले तर काय उत्तर द्यावे, हे मला कळत नव्हते. खरे बोललो तर वडील खोटे ठरणार, आणि त्यांनी ठरवून दिलेला गावातला प्रत्येक धुरा सैल होणार. न बोललो तर चाचांची जनावरे जाणार. वडिलांनाही हेच दिसत असावे.

त्या दिवसांत एकदा चाची आमच्या घरी आली. चाचांच्या बरोबर किती भाकरी द्याव्या, असे ती आईला विचारायला आली होती. जाता जाता थांबली.

‘बाई, ते झाडवाले आमच्या लोकायले पानी भरू देतीन का? तुमी जरा भाऊले इचारून ठेवा.’

आईने विचारते म्हणून सांगितले. चाची गेल्यावर आई चुलीपाशी जाऊन बसली आणि सांजेपर्यंत बाहेर आली नाही. मी तिथेच होतो. मला लाज वाटली. याहून अधिक लिहिण्याचे कारण नाही.

चाचा कुणाची वाट पाहत बसले नाहीत. एका पहाटे ते आपली आणि त्या दोन घरांची जनावरे घेऊन निघून गेले. वडिलांना शेतातून परतताना, ऊन चढल्यावर कळले. त्यांनी काठी घेतली, पायांत वहाणा घातल्या आणि मला म्हणाले, चल.  रिसोडकडची वाट उजवीकडे टाकून ते सरळ नदीच्या रोखाने चालत होते. माझे वय त्यांच्या निम्म्याहून कमी, तरी मला त्यांच्या बरोबरीने राहण्यासाठी मधूनमधून धावावे लागले.

दुपार कलताना पैनगंगा आली. पात्र कोरडे होते. मध्ये एका खळग्यात गढूळ पाणी उरले होते आणि त्याभोवती जनावरे माना खाली घालून उभी होती. चाचा वाळूत बसून भाकरी खात होते. वडिलांना पाहून त्यांचा चेहरा उजळला. वाट दाखवायला आला, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी भाकरीचा तुकडा पुढे केला. वडिलांनी तो घेतला नाही.

ते उभ्यानेच म्हणाले, ‘मियाभाई, रान नाई.’

चाचांना कळले नाही. दुष्काळाने वाळले का, असे त्यांनी विचारले.

‘वाळलं नाई. नव्हतंच. मी मनानं सांगे.’

 चाचांनी भाकरी फडक्यात गुंडाळली आणि एकेक विचारायला सुरुवात केली. आवाज चढलेला नव्हता. हद्दीच्या भांडणात वडील विचारीत, तसे ते विचारीत होते.

‘ते पयसाचे झाडं?’

‘पयस असतीन. तसे नाई.’

‘मधवाले?’

‘नाईत.’

‘झाडवाले बी नाईत?’

‘नाईत.’

‘वाघ?’

वडिलांनी मान हलवली. गवताचे चाचांनी विचारलेच नाही. ते उठले, गाईजवळ गेले आणि तिच्या पाठीवर हात ठेवून, आमच्याकडे न पाहता म्हणाले, ‘पन तू तं दिवसा सांगे.’

  वडील म्हणाले, ‘दोर लांब असते. बोलल्याबिगर सरत नाई. एक दिवस बोललो, तू खरं धरलं. मंग मले मोडवलं नाई.’

‘रातीचं असतं तं मी बी हासलो असतो, भाऊ.’

मी दहा हातांवर उभा होतो आणि वाळूकडे पाहत होतो. चाचांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. माझ्या वडिलांना कुणीतरी शिव्या द्याव्या असे मला वाटत होते, हे मी लिहून ठेवतो.

चाचांनी ऊन पाहिले, जनावरे पाहिली. परत नेली तर गावात निंबाचा पालाही शिल्लक नव्हता, हे तिघांनाही माहीत होते. त्यांनी काठी उचलली आणि गुरे पलीकडच्या काठाकडे वळवली. वडील म्हणाले, मी येतो.

‘तुले वाट ठाव हाय का?’

‘नाई.’

‘मंग मांगं चाल.’

वडील मागे चालू लागले. काठ चढण्यापूर्वी त्यांनी मला गावात जाऊन सांगायला सांगितले. काय सांगू, असे मी विचारले. जे आहे ते, असे म्हणून ते वळले. टेकड्या डाव्या हाताला होत्या. चाचांनी गुरे उजवीकडे घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारावर उभा राहिलो. रात्रभर मी वाक्ये जुळवली होती. मी शाळेतल्या भाषेत म्हणालो की ते रान वास्तवात अस्तित्वात नाही, ती वडिलांची कल्पना होती. कुणी हलले नाही. माझे बोलणे त्यांना उमगले नव्हते. माणसांच्या मागे चाची उभी होती. तिने विचारले, ‘म्हंजे काय, बाबू?’

मी म्हणालो, ‘खोटं, चाची.’

‘सगयं?’

‘सगयं.’

दुसरा शब्द मला सापडला नाही. आजही सापडलेला नाही. दिवसा सांगितलेल्या आणि न घडलेल्या गोष्टीला आमच्या गावात तेवढा एकच शब्द होता. चाचीने पदर सारखा केला आणि मग विचारले की तिचा माणूस कुठे गेला. मला तेही सांगता आले नाही. ज्या दोन घरांची जनावरे गेली होती, त्यांतला एक जण उठून निघून गेला. बाकीचे बसून राहिले.  ते आमच्या घराकडे पाहत होते.

पोळ्याच्या आधी दोघे परतले. गाय पलीकडेच पडली होती, आणि एका घरचा म्हातारा बैल. बाकीची जनावरे हाडाकातड्यांनिशी पण आपल्या पायांवर आली. निजामाच्या हद्दीतल्या कुठल्याशा डोंगरात काटेरी झुडपांचे रान होते, तिथे दुसऱ्या मुलखांतले गुराखीही आले होते, राखणदार त्रास देई, असे चाचांच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी कळले. वडील खरे रान पाहून आले होते. गावातल्या कुणीतरी त्यांना, तिकडे कसे आहे, म्हणून विचारले. त्या विचारण्यात थोडा डंख होता. वडील म्हणाले, ‘झाडं हायेत.’ त्याहून अधिक ते कुणाशी, कधीही बोलले नाहीत.

चाचांनी त्यांना दोष दिल्याचे मी ऐकले नाही. रामराम-सलाम पूर्वीसारखा चाले. पुढच्या वर्षी अंबाडी चांगली आली, पण चाचांनी आपले कासरे रिसोडच्या बाजारातून आणले. वडील एकटेच दोर वळत. एकट्याने वळलेला दोर सैल राहतो.

त्याच उन्हाळ्यात मी सुट्टीवर होतो. आमच्याच गल्लीतल्या दोन चुलत भावांत धुऱ्यावरून वाद झाला. ते आमच्याकडे आले नाहीत. रिठदहून एका वयस्क गृहस्थांना घेऊन ते शेताकडे निघाले, आणि शेताची वाट आमच्या दारावरून होती. वडील ओट्यावर बसले होते, मी दारात उभा होतो. त्या गृहस्थांना काही ठाऊक नव्हते. ते थांबले, त्यांनी रामराम घातला आणि म्हणाले, ‘आमी धुरा पाहाले चाललो. तुमी इथले जानते, तुमाले ठाव असन. येता का?’

दोघे भाऊ जमिनीकडे पाहत होते.

वडील म्हणाले, ‘मले ठाव नाई.’

तो धुरा वडिलांनीच पूर्वी ठरवून दिला होता. भावांना ते माहीत होते, मलाही होते.  ते तिघे पुढे गेले. सुट्टीचे बरेच दिवस उरले होते. मी त्याच दुपारी वाशीमला निघालो.